गच्चीवरचा आवाज

८ जानेवारी, सोमवार

एकोणीस वर्षं पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. शुक्रवारी राजीनामा दिला आणि आज एका डबिंग स्टुडिओत संवादलेखक म्हणून रुजू झालो. वय चव्वेचाळीस. ताईने ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "विचारून दिलास की देऊन सांगतोयस?" देऊन सांगतोय म्हटल्यावर तिने कप पुन्हा उचलला. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहे, दिवसभर लोकांच्या नसा शोधत असते. घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही.

काम असं आहे. एक जपानी अॅनिमे मालिका, एकूण बारा भाग. कच्चा अनुवाद कंपनीकडून येतो. त्याची मी आपल्या भाषेत वाक्यं करायची, तीही पडद्यावरच्या पात्राचं तोंड जेवढा वेळ उघडं आहे तेवढ्या वेळात संपतील अशी. पहिले चार भाग परीक्षेचे. जमलं तर पुढचे आठ माझे, नाही तर नमस्कार.

दिग्दर्शिका पस्तिशीच्या आहेत. केस आखूड कापलेले, बोलणंही तसंच. म्हणाल्या, "रेकॉर्डिंगला लेखकाने यायचं नाही. आधीचे लेखक आवाज देणाऱ्यांशी भांडायचे. बुधवारी रिसेप्शनवर नवे कागद द्यायचे, जुने दुरुस्त होऊन आलेले घेऊन जायचे."

मी भांडणारा माणूस नाही, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेही असंच म्हणाले होते."

१० जानेवारी, बुधवार

सगळी मालिका सलग पाहिली. गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो. सतरा वर्षांचा एक मुलगा. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर रोज संध्याकाळी एक मुलगी आकाशाकडे बघत उभी असते. एवढ्यावरून हा ठरवतो की ती मनातून कवयित्री आहे, दुःखी आहे आणि कुणाची तरी, म्हणजे अर्थात ह्याची, वाट बघते आहे. प्रत्यक्षात तिच्या घरी शर्यतीची कबुतरं आहेत आणि ती परत यायची ती वाट बघत असते. प्रेक्षकाला हे तिसऱ्या मिनिटाला कळतं. ह्याला कळायला सातवा भाग उजाडतो. तोवर हा फुलं काय ठेवतो, चिठ्ठ्या काय लिहितो, स्वप्नं काय बघतो.

मी त्याचं नाव बावळट ठेवलं आहे. ज्या व्यक्तीशी एक शब्द बोललो नाही तिच्यावर जीव टाकायचा म्हणजे कमाल झाली. ताईला गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "असतात जगात असे." कुठे असतात कोण जाणे. मला तरी आजवर कुणी भेटलेलं नाही.

१७ जानेवारी, बुधवार

पहिल्या भागाचे कागद परत आले. कागद कसले, रणांगण. जाड पेन्सिलीने वाक्यंच्या वाक्यं आडवी केली आहेत. बावळटाच्या तोंडी मी फार मेहनतीने लिहिलं होतं, "या कातरवेळी तुझ्या नजरेत कोणतं स्वप्न तरळतं आहे?" शेजारी पेन्सिल म्हणते, "तोंड दोनदाच उघडतंय. शिवाय असं कोण बोलतं? 'काय बघते ही एवढं?' पुरे."

वर कागदभर काळे ठसे. अंगठ्याचे, बोटांचे. कोळशाच्या खाणीत बसून वाचतात की काय दिग्दर्शिकाबाई?

एकोणीस वर्षं मी लाल शाईने दुसऱ्यांचं कापलं. आपलं कापलं की कसं वाटतं ते आज कळलं. मुद्दाम नोंदवून ठेवतो.

२४ जानेवारी, बुधवार

आज पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग तपासायला घरी पाठवलं होतं. हेडफोन लावून बसलो.

गच्चीवरच्या मुलीला पहिल्या भागात मोजून तीन वाक्यं आहेत. शेवटचं वाक्य मी लिहिलं होतं, "आज वाऱ्याचा वेग अधिक असल्याने त्यांना विलंब होत असावा." त्याचं पेन्सिलीने केलं होतं, "वारा आहे आज." मला ते फारच बोडकं वाटलं होतं.

ती ते म्हणाली. "वारा आहे आज." बस, एवढंच. मी खुर्चीवरून उठलो आणि खिडकी लावायला गेलो, कारण मला खरंच वारा लागल्यासारखं वाटलं. खिडकी आधीच बंद होती.

मग पुन्हा ऐकलं. मग आणखी काही वेळा. काय आवाज आहे. पाण्यासारखा, पण खोल पाण्याला असतो तसा तळ असलेला. माझ्या एवढ्याशा ओळीत तिने काय प्राण ओतला आहे.

३१ जानेवारी, बुधवार

ती साधारण अठ्ठावीस वर्षांची असावी. एकटी राहत असावी, पांढरे पडदे असलेल्या खोलीत. फार बोलत नसावी. एखादं तंतुवाद्य वाजवत असावी. श्वास ज्या पद्धतीने घेते त्यावरून हे उघड आहे.

दिग्दर्शिकांना सहज विचारल्यासारखं विचारलं की गच्चीवरच्या मुलीला आवाज कोण देतं, वय काय असेल. त्या म्हणाल्या, "आवाजाला वय नसतं." बाईंच्या तोंडून एवढं सुंदर वाक्य येईल असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मी हेही सुचवलं की पेन्सिल जरा जपून चालवावी, लेखकालाही मन असतं. तर म्हणाल्या, "पेन्सिल माझ्या हातात नाही." जबाबदारी कशी झटकावी हे साहेब लोकांकडून शिकावं.

७ फेब्रुवारी, बुधवार

परीक्षा पास. पुढचे आठ भाग माझे. दिग्दर्शिका म्हणाल्या, "पेन्सिलीचे आभार माना." स्वतःची स्तुती अशी उघड करणारी माणसं मी कमी पाहिली आहेत.

ताईने सुट्टी घेऊन ऑम्लेट केलं. तिच्यापुरता हा मोठा समारंभ आहे.

पाचव्या भागात बावळट फोनवर मुलीशी बोलायचा सराव करतो, फोन न लावता. मी त्याच्या तोंडी घातलं, "तुझा आवाज ऐकला की माझ्या दिवसाचं दार उघडतं." कुणाला कळायचं आहे?

१४ फेब्रुवारी, बुधवार

पेन्सिलीला कळलं. त्या ओळीशेजारी लिहून आलं आहे, "हा मुलगा तिला फक्त लांबून बघतो. तिचा आवाज त्याने अजून ऐकलेलाच नाही. मग हे कोण कुणाला सांगतंय?"

दिवसभर कानशिलं गरम होती. बाई दुष्ट आहेत, पण मूर्ख नाहीत.

ठरवलं. आता आडपडदा नको. आज बसून पत्र लिहिलं, पाच पानं. वर नुसतं "आवाजास" लिहिलं. पाकीट चिकटवलं, त्यावर "गच्चीवरच्या मुलीला आवाज देणाऱ्या व्यक्तीस, खासगी" असं लिहिलं आणि सहाव्या भागाच्या कागदांबरोबर रिसेप्शनवर दिलं.

ताई म्हणाली, "तुझा तो गच्चीवाला मुलगा काय म्हणतो?" मी म्हटलं, अजून तसाच मूर्खपणा चालू आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचं हे नस शोधणं थांबलं पाहिजे.

२१ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहिताना वहीचं पान दोनदा फाटलं.

माझं पत्र परत आलं. पाकीट फोडलेलं. पाचही पानांवर पेन्सिल. "'निर्झर' दोनदा आलाय, एक काढा." "'आपल्या कंठातील' कशाला? कंठ सगळ्यांनाच असतो." तिसऱ्या पानावर मी तिच्या खोलीतल्या पांढऱ्या पडद्यांचं वर्णन केलं होतं, तिथे नुसतं प्रश्नचिन्ह. आणि पाचव्या पानाच्या तळाशी, "पाच पानं झाली. मुद्दा काय?"

कुणाचं खासगी पत्र फोडायचं, वाचायचं आणि वर तपासून परत पाठवायचं. एकोणीस वर्षांत मी कधी कुणाचं पत्र तपासलं नाही. उद्या जातो. नियम गेला खड्ड्यात.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

जे झालं ते सगळं, जसं झालं तसं लिहितो.

दुपारी तीनला स्टुडिओत शिरलो. रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर लाल दिवा बंद होता म्हणून दार ढकललं. आत दिग्दर्शिका टेबलाशी बसल्या होत्या आणि काचेपलीकडच्या खोलीत एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, अंगाने भरलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात, अंगावर खिशाखिशांचा कामाचा अॅप्रन. कानावर सुताराची असते तसली चपटी जाड पेन्सिल खोचलेली. मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. पत्र टेबलावर आपटलं आणि म्हणालो, "दुसऱ्याचं पत्र फोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

दिग्दर्शिकांनी पत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि समोरचं एक बटण दाबून म्हणाल्या, "तुमच्यासाठी आलेत."

काचेपलीकडच्या बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "पाकिटावर मलाच लिहिलं होतं ना? म्हणून मी वाचलं."

मी म्हणालो, "पण ते गच्चीवरच्या..."

"हो. मीच ती."

बोलायचा आवाज जाड, किंचित बसलेला, बाजारात हाक मारून मारून होतो तसा. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. नखांच्या कडांना काळं, अंगठा काळा.

"माझं कुलपांचं दुकान आहे," त्या म्हणाल्या. "चाव्या करते. कुलूप अडकलं की त्यात पेन्सिलीच्या शिशाची पूड घालतात, ती बोटांना राहते. तुमचे कागद खराब होतात, त्याबद्दल सॉरी. पेन्सिल पण दुकानातलीच. तोंडात बसत नाहीत ती वाक्यं दुरुस्त करायचं काम बाईंनी माझ्याकडेच दिलंय."

"तुम्ही?" मी म्हणालो. त्या एका शब्दात सगळं आलं असणार, कारण त्यांचा चेहरा जरा मिटल्यासारखा झाला.

"काय वाटलं होतं तुम्हाला?"

दिग्दर्शिका म्हणाल्या, "आता आलाच आहात तर बसा. सातवा भाग आहे. आज ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलते."

बाई आत गेल्या, चष्मा लावला, पडद्याकडे पाहिलं. आणि त्या भरल्या अंगातून, त्या अॅप्रनमधून, ती सतरा वर्षांची मुलगी बोलायला लागली. पडद्यावर बावळट तिच्यासमोर फुलं घेऊन उभा आणि ती म्हणते, "तू रोज कुणाकडे बघत होतास? मी तर इथे कबुतरांची घाण काढत असते." तो मुलगा उभ्या जागी विरघळतो असं चित्र आहे. आणि माझं तरी वेगळं काय चाललं होतं?

टेक संपायच्या आत मी निघून आलो.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

मी फसवला गेलो आहे.

कुणी फसवलं हे अजून नीट मांडता येत नाही. पण फसवला गेलो आहे.

२८ फेब्रुवारी, बुधवार

आठवा भाग दिला. मुद्दाम सगळ्या उपमा परत घातल्या. "कातरवेळ" तीनदा. बघू दे काय कापायचं ते.

ताईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तिने तुला खोटं काय सांगितलं?" काहीच नाही, मी म्हटलं. "मग वय लपवलं? नाव लपवलं?" नाही. "पडदे पांढरे आहेत असं ती म्हणाली होती?" मी उठून आत गेलो. ताईने बाहेरूनच विचारलं, "आणि त्या मुलाला नावं कोण ठेवत होतं रे?"

दार लावून घेतलं. पण दार लावलं म्हणून ऐकू यायचं थोडंच थांबतं.

६ मार्च, बुधवार

आठव्या भागाचे कागद आले. कोरे. म्हणजे माझं टंकलेलं आहे, पण पेन्सिल नाही. एक रेघ नाही, एक ठसा नाही. तिन्ही कातरवेळा सुखरूप.

बरोबर रेकॉर्डिंगही होतं. तिने मी लिहिलं तसं शब्दन् शब्द म्हटलं आहे. आवाज तोच. पण ती मुलगी त्यात नाही. कुणीतरी अक्षरं वाचतं आहे आणि पडद्यावर एक चित्र तोंड हलवतं आहे. माझी वाक्यं इतकी मेलेली आहेत हे इतक्या स्पष्टपणे मला कुणीच दाखवलं नव्हतं.

आणि मग जे कळलं ते लिहायलाच हवं. पहिल्या भागापासून मला जी जी ओळ भिडली, ती एकही माझी नव्हती. "वारा आहे आज" माझी नव्हती. "काय बघते ही एवढं" माझी नव्हती. मी ज्या आवाजाच्या प्रेमात होतो आणि ज्या पेन्सिलीवर दात खात होतो ती दोन माणसं नव्हतीच. मला तिचा घसा आवडला असं मी दीड महिना समजत होतो. आवडलं होतं तिचं डोकं.

वय चव्वेचाळीस. अक्कल सतराची.

७ मार्च, गुरुवार

दिग्दर्शिकांकडून पत्ता घेतला आणि दुकानात गेलो. एका खोलीएवढं दुकान. भिंतभर खिळ्यांवर कोऱ्या चाव्या, टेबलावर चाव्या कापायचं मशिन, त्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. ती एका म्हाताऱ्या गृहस्थांची चावी करत होती. मला पाहिलं, मशिन बंद केलं नाही. गृहस्थ गेल्यावर बंद केलं.

"काय हवंय? डुप्लिकेट?"

"माफी मागायला आलोय."

"कशाबद्दल?" तिने विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं. मुद्दा स्पष्ट करून हवा होता.

मी म्हटलं, "त्या दिवशी 'तुम्ही' म्हणालो त्याबद्दल. आणि आठव्या भागाबद्दल. तो मी मुद्दाम वाईट लिहिला."

"कळलं ते. मीही मुद्दाम सरळ वाचला. दोघांचा मूर्खपणा झाला, आता पुन्हा रेकॉर्ड करावा लागणार." तिने फडक्याला हात पुसले. मग म्हणाली, "तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा पेन्सिल घेऊन, एकदा तसंच. मला आजवर कुणी पाच पानं लिहिली नव्हती. लग्न झालं होतं तेव्हाही नाही. सात वर्षं टिकलं ते, त्यात एक चिठ्ठी होती, 'किल्ल्या घेऊन गेलोय'. मग तुमचं पत्र आलं. वाचायला बसले तर त्यात एक ओळ माझ्याबद्दल नाही. पडदे आहेत, निर्झर आहे, वाद्य आहे. मी कुठेच नाही. तुम्हाला राग आला असेल, पण त्या दिवशी मला काय वाटलं असेल?"

जे खरं होतं तेवढंच सांगितलं. म्हटलं, "मला दुरुस्त्या परत हव्यात."

तिने कानावरची पेन्सिल काढली. मग हात पुढे केला. "आणा आठवा भाग. 'कातरवेळ' पहिल्यांदा मी कापते, उरलेल्या दोन तुम्ही कापा."

दीड तास तिथेच बसून काम केलं. म्हणजे ती स्टुलावर, मी उभा. मध्ये चार गिऱ्हाइकं झाली. एका बाईंचं कुलूप उघडताना ती माझ्याशी मुलीच्या आवाजात बोलत होती, आणि त्या बाई मागे वळून वळून बघत होत्या की ही पोरगी आहे कुठे. मी इतका हसलो की पोटात दुखलं. ती मोठ्याने, तोंड उघडं टाकून हसते. अशी माणसं मला आवडत नाहीत असा माझा आजवरचा समज होता.

१४ मार्च, गुरुवार

दिग्दर्शिकांनी माझ्यापुरता नियम मोडला. आता रेकॉर्डिंगला बसतो. त्या म्हणाल्या, "भांडलात तर दोघांनाही बाहेर काढीन." आम्ही भांडलो. त्यांनी काढलं नाही.

२० मार्च, बुधवार

तिला माझं एक वाक्य जसंच्या तसं पटलं. दहाव्या भागात मुलगी हरवलेल्या कबुतराबद्दल म्हणते, "वाट चुकलं असेल. यायचं नव्हतं असं नाही." शेजारी पेन्सिलीने छोटीशी बरोबरची खूण.

दिवसभरात ते पान किती वेळा काढून बघितलं हे लिहीत नाही.

२७ मार्च, बुधवार

संकट. मालिका ज्या चॅनेलवर लागणार आहे तिथले अधिकारी आज आले. सभ्य गृहस्थ आहेत, सगळ्यांना आधी चहा घ्यायला लावला. मग म्हणाले, शेवट बदलायचा.

शेवट असा आहे. बाराव्या भागात बावळट, जो आता तितकासा बावळट राहिलेला नाही, मुलीला सगळं खरं सांगतो. की मी तुला ओळखत नव्हतो, एक भलतीच मुलगी मनात रचून तिच्यामागे लागलो होतो. आता ओळखतो आणि आता जास्त आवडतेस. मुलगी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. ती म्हणते, "सहाला ये. खुराडं धुवायचंय." संपलं.

अधिकारी म्हणाले, "लोक बारा आठवडे ज्याच्यासाठी बसणार आहेत ते द्या की त्यांना. 'मलाही तू आवडतोस, कायमचा.' तोंड तितकाच वेळ उघडं आहे, मी मोजलंय. नाही तर पुढची मालिका दुसऱ्या स्टुडिओला द्यावी लागेल. वरून तसं सांगून ठेवलंय."

दिग्दर्शिकांनी हातातला कप बाजूला सारला. हा स्टुडिओ त्यांनी स्वतः उभा केला आहे, आत सात माणसं कामाला आहेत.

जानेवारीत मी ते वाक्य हसत लिहून दिलं असतं आणि वर दोन विशेषणं फुकट घातली असती. आज मात्र तोंडातून निघून गेलं, "ते वाक्य खोटं आहे."

"प्रेमाचं वाक्य खोटं कसं?"

"ती मुलगी तसं बोलणार नाही. ती त्याला कायमचं काही देत नाहीये, उद्या सकाळ देतेय. त्याला आयुष्यात पहिल्यांदा खरं काहीतरी मिळतंय, आणि आपण त्याच्या हातात पुन्हा स्वप्न ठेवायचं?"

काचेपलीकडे ती उभी होती. आतलं बटण चालू होतं, सगळं ऐकू जात होतं, हे मला नंतर कळलं.

शेवटी ती बाहेर येऊन म्हणाली, "दोन्ही म्हणते मी. दोन्ही मनापासून म्हणते, एकात मुद्दाम कमी करणार नाही. मग मुलांना दाखवा. ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच विचारा."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. पुढचा गुरुवार ठरला.

२ एप्रिल, मंगळवार

दोन्ही शेवट ऐकले. तिने शब्द पाळला आहे. गोड शेवट इतका गोड म्हटला आहे की मीच तो पुन्हा लावून ऐकला. आपण हरू असं वाटतं. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "मग हरू. पण रडीचा डाव नको."

४ एप्रिल, गुरुवार

एका कॉलेजच्या सभागृहात चाळीस मुलंमुली. सकाळी अकराची वेळ. आम्ही सगळे मागच्या रांगेत. ताईनेही रजा टाकली. "मला तो मुलगा बघायचाच आहे," म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. मग पेन्सिलवालीला भेटली. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, पण पाच मिनिटांत ताई तिला "अगं" म्हणत होती.

आधीच्या भागांतली मोजकी दृश्यं दाखवली आणि मग गोड शेवट. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एकाने शिट्टी मारली. चार-पाचजण फोन काढून बघायला लागले. अधिकारी माझ्याकडे वळून सभ्यपणे हसले.

मग दुसरा. मुलगा बोलून थांबतो. मुलगी कबुतर हातात धरून त्याच्याकडे बघते. ते बघणं बरंच लांब आहे. सभागृहात कुणी हललं नाही. आणि मग ती, अगदी सहज, म्हणजे सहज दाखवण्याचा प्रयत्न करत, म्हणते, "सहाला ये. खुराडं धुवायचंय."

मग पुढच्या रांगेतून एक मुलगी हळूच म्हणाली, "हो म्हणाली ती." तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, "कुठे हो म्हणाली? कामाला लावलं." "अरे तेच हो आहे, गाढवा." आणि बघता बघता चाळीसच्या चाळीस मुलं एकमेकांशी भांडायला लागली. तो सहाला गेला असेल का, गेला तर वेळेवर गेला असेल का, खुराडं धुता येतं का त्याला. प्राध्यापक हात वर करून गप्प बसा म्हणत होते आणि मग तेही कुणाशी तरी वाद घालायला लागले. फोन कुणाच्याच हातात नव्हता.

अधिकारी पंधरा मिनिटं ते बघत बसले. मग दिग्दर्शिकांना म्हणाले, "खुराडंच ठेवा." उठता उठता माझ्याकडे वळले, "आणि पुढच्या मालिकेचे कागद सोमवारी पाठवतो. टीम हीच ठेवा."

दिग्दर्शिका कधी कुणाला हात लावत नाहीत. आज त्यांनी आम्हा दोघांचे खांदे धरले आणि पटकन सोडले.

बाहेर पायऱ्यांवर ती आणि मी मागे राहिलो. मी आठवडाभर तयार केलेलं भाषण होतं, चांगलं होतं, निर्झर कुठेही नव्हता. पण तोंडातून आलं ते एवढंच, "काम नसेल त्या दिवशीही दुकानात आलो तर चालेल का?"

"कशाला?"

"बसायला."

तिने चष्मा काढून अॅप्रनला पुसला. आजही अॅप्रन घालूनच आली होती, तसंच दुकानात जायचं होतं. म्हणाली, "स्टूल एकच आहे."

मला त्याचा अर्थ लागला नाही. घरी येऊन ताईला सांगितलं, बहुतेक नाही म्हणाली. ताईने कपाळाला हात लावला.

६ एप्रिल, शनिवार

दुकानात गेलो. स्टुलं दोन होती. मी दुसऱ्यावर बसलो.

१२ मे, रविवार

महिन्याभरात वही उघडली नाही. लिहिण्यासारखं रोज होतं म्हणून लिहायला वेळ झाला नाही.

मालिका लागली. पहिल्या भागाच्या शेवटी नावं आली, तिचं आणि माझं खाली-वर. ताईने तिथे थांबवून पडद्याचा फोटो काढला आणि प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवला. आता म्हणे सुई टोचायच्या आधी ती लोकांना मालिका बघता का विचारते.

मला आता चाव्या ओळखता येतात. कापता येत नाहीत. दोन फुकट घालवल्यावर तिने मशिनपासून लांब बसायला सांगितलं आहे. सकाळी ती चाव्या करते, मी लिहितो, दुपारी आम्ही ते फाडतो, चार वाजता स्टुडिओत जातो. तिच्या घरी गेलो होतो. पडदे तपकिरी आहेत. तंतुवाद्य सोडाच, ती गुणगुणतेही बेसूर. मला ती आवडते, आणि हे मी तिला सांगितलंही आहे, एका वाक्यात. तिने ऐकून "बरं" म्हटलं आणि त्या दिवशीचा चहा स्वतः केला. लग्नाबिग्नाचं आम्ही काही बोललेलो नाही. ताई रोज विचारते, मी रोज विषय बदलतो, कारण त्या बाबतीत तिच्या मनात काय आहे हे मला खरंच कळत नाही.

आज दुपारी एक आजी तिजोरीची हरवलेली चावी करून घ्यायला आल्या होत्या. मी कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर कागद. आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिला विचारलं, "नवीन माणूस ठेवलास का गं?"

मशिन चालू होतं. तिने मान वर केली नाही, चावीवरची नजर हलवली नाही.

म्हणाली, "नाही हो. आमचे हे."

आणि चावी उलटी करून दुसरी बाजू कापायला घेतली.